गेलीस, गेलास नव्हे

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते. फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि मैत्रिणीला निरोप रेकॉर्ड करत होते. ती इस्रायलमध्ये, अश्दोदला असते, मी पुण्यात. आमचे निरोप पाच-पाच, सहा-सहा मिनिटांचे असतात. माझ्या बोलण्यामागे कुकरच्या शिट्ट्या, तिच्या बोलण्यामागे गॅलरीत कुणीतरी ओढलेली खुर्ची. त्या दिवशी जुडी निवडून झाली, सांगण्यासारखंही सगळं सांगून झालं, तरी निरोप थांबवावासा वाटेना. मग सवयीने एक ओळ गुणगुणले. माझ्या तोंडात कायम असणारी, हिब्रू गाण्यातली ओळ: 'हिशार्ता ली राक मिलिम', तू माझ्यासाठी फक्त शब्द ठेवून गेलास. रात्री तिचं उत्तर आलं. आधी मेथीबद्दल, मग तिच्या गुडघ्याबद्दल, आणि मग हसत हसत ती म्हणाली, "आवाज तस्साच आहे गो तुझा. पण एक सांगू? 'हिशार्ता' नाही म्हणायचं. 'हिशार्त'. ती बाई आहे. गेलीस, गेलास नव्हे."

पंधरा वर्षांहून जास्त काळ मी ते गाणं चुकीचं म्हणत होते.

एवढ्याशा गोष्टीने झोप उडावी असं काही नव्हतं. पण उडाली खरी. मी अंधारात पडल्या पडल्या ओठांतल्या ओठांत तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला, आणि दर वेळी शेवटी तो लहानसा 'अ' निसटून येतच राहिला.

गाण्याचं नाव 'मिलिम', म्हणजे शब्द. २०१० साली ऑस्लोला झालेल्या युरोव्हिजनमध्ये, म्हणजे देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेत, इस्रायलकडून हारेल स्कातने ते गायलं होतं. शब्द नोआम होरेवचे, चाल तोमेर हदादीची. तेव्हा स्पर्धेत इंग्रजीत गायला काहीच आडकाठी नव्हती. आपापल्या देशाच्याच भाषेत गायची सक्ती १९९९ साली उठली आणि त्यानंतर किती देशांनी घाईघाईने इंग्रजी धरली! हा मुलगा मात्र सगळं गाणं हिब्रूत गायला. समोर बसलेल्या हजारोंपैकी आणि पडद्यावर बघणाऱ्या कोट्यवधींपैकी फार थोड्यांना त्यातलं काही कळत असणार. गाणं सुरू होतं ते जवळजवळ कुजबुजल्यासारखं, माणूस रिकाम्या घरात स्वतःशी बोलतो तसं. मग ते चढत जातं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तीनच मिनिटं मिळतात, त्यामुळे चढण उभी आहे, मध्ये टेकायला पार नाही. आणि अगदी वर पोचल्यावर तो देवाला हाक मारतो. 'एलोहिम!' ती हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्या वेळी मला त्या गाण्यातला तेवढा एकच शब्द कळला होता. तो कळला कारण तो मी लहानपणी, अलिबागला, शुक्रवारच्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकलेला होता.

आमचं घर इस्राएल आळीपासून, म्हणजे बेने इस्राएलांच्या, कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या वस्तीपासून, चार पावलांवर. माझ्या या मैत्रिणीच्या घराची पडवी आणि आमची मागची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता, दोन पोरी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तर खांदे घासायचे एवढा. तिची आजी नऊवारी नेसायची, गळ्यात काळी पोत घालायची, आणि शनिवारी चूल पेटवायची नाही. सिनेगॉगला ती मशीदच म्हणायची, आणि त्यात आम्हा कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. त्यांच्याकडे कोळंबी चालत नसे, याचं मात्र मला फार नवल. समुद्राकाठी राहून कोळंबी नाही! तिला कोळंबीची चव कशी असते ते सांगायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि दर वेळी नापास झाले. त्याउलट त्यांच्याकडच्या मलिद्याची चव मला आजही कुणी विचारली तर सांगता येईल. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याच्या चकत्या. एलियाहू हनाबीचं, त्यांच्या एलिया प्रेषिताचं, नाव घेऊन झालं की एक द्रोण भिंतीवरून आमच्याकडे यायचा. त्यांच्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा व्हायचा. तो ढवळता ढवळता मावशींचा हात भरून आला की आम्ही दोघी एका उलथन्याला चार हात लावून ढवळायचो. नारळाच्या दुधाचा आणि गव्हाच्या चिकाचा तो एकत्र वास, आणि कढईच्या कडेला सुटत जाणारी साय. पुण्यात मी दोनदा करून पाहिला. तसा होत नाही.

आमची एक गुप्त भाषा होती. च ची भाषा. ती सगळ्यांचीच असते म्हणा, पण आम्हाला ती फक्त आमचीच वाटायची. 'चुठेक चाललीसच' असं ती बोळातून ओरडायची आणि मी धावत सुटायचे. एकदा तिच्या मामाने तिकडून कॅसेट पाठवली. तो आधीच जाऊन स्थायिक झालेला. त्या कॅसेटवर एक उड्या मारत जाणारं गाणं होतं, सगळं ब-ब-ब. तिने मला अगदी गंभीर चेहऱ्याने समजावलं होतं, "त्यांची पण च ची भाषा आहे. फक्त ती ब ची आहे." ते गाणं 'अ-बा-नी-बी'. १९७८ साली पॅरिसला इझहार कोहेनने ते गाऊन इस्रायलला पहिल्यांदा युरोव्हिजन जिंकून दिलं होतं. शब्द एहुद मनोरचे, चाल नुरित हिर्शची. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' एवढं साधं वाक्य, पण ते उघड म्हणायची लाज वाटते म्हणून प्रत्येक अक्षरामागे एक ब घालून, लहान मुलांच्या चोरभाषेत म्हटलेलं. अख्ख्या युरोपासमोर एका देशाने आपली पोराटोरांची भाषा उभी केली आणि बक्षीस नेलं, हे आम्हाला तेव्हा कुठून कळणार? आम्ही फक्त ब ची भाषा शिकलो. महिनाभर च बंद आणि ब सुरू. तिच्या आजीने कंटाळून कॅसेट वर फडताळात ठेवून दिली.

१९८४ च्या उन्हाळ्यात ते गेले. आम्ही दोघी बारा वर्षांच्या.

जाण्याआधीच्या दिवसांत त्यांच्या घरातून एकेक वस्तू बाहेर जात होती. पाटा आमच्याकडे आला, झोपाळा कुणी कुर्ल्याच्या पाहुण्यांनी नेला. शेवटच्या सकाळी तिच्या वडिलांनी दाराच्या उजव्या चौकटीवरची मेझुझा काढली. आत धर्मग्रंथातला मजकूर लिहिलेला गुंडाळा असलेली बोटभर लांबीची डबी. आत जाताना-बाहेर येताना ते सगळे तिला बोटं लावून ओठांना टेकवायचे. त्यांचं बघून मीही तसंच करायचे आणि मला कधी कुणी अडवलं नाही. त्यांनी ती पक्कडीने जपून काढली, रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली. चौकटीला कित्येक वर्षांचे तेलरंगाचे थर होते, हिरव्यावर निळा, निळ्यावर पुन्हा हिरवा. डबी निघाली तिथे मात्र उघडं लाकूड. बोटाएवढी पिवळसर पट्टी, वर एक भोक, खाली एक भोक. मग लाल एसटी आली, पोपडे उडालेली, आणि ते गेले. मी बसमागे धावले वगैरे नाही. मी बोळात जाऊन उभी राहिले आणि बोळ केवढा रुंद झाला होता!

पहिली दोन-तीन वर्षं निळी एरोग्रॅम येत राहिली. त्यांना आधी दिमोनाला घर मिळालं होतं, वाळवंटात. "इथे समुद्र नाही," हे पहिल्या पत्रातलं पहिलं वाक्य. मग पत्रांत हळूहळू मला न कळणारे शब्द येऊ लागले. आधी ती कंसात त्यांचा अर्थ लिहायची, मग लिहीनाशी झाली. मलाही इकडे दहावी, मग कॉलेज. पत्रं थांबली त्याला कुणाचाच दोष नव्हता. थांबली एवढंच.

२०१० मध्ये फेसबुकवर तिने मला शोधून काढलं. लग्नानंतरचं आडनाव, चष्मा, दोन मुलगे, आणि घर समुद्राकाठी, अश्दोदला. "शेवटी मी समुद्र गाठला बघ," तिने रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं. फोनवर पहिल्यांदा बोललो तेव्हा मी थक्क झाले, कारण तिची मराठी १९८४ साली जिथे होती तिथेच होती. आमच्या अलिबागच्या आज्या बोलायच्या तशी. मी 'ओके' म्हणत होते, ती 'बरं गो' म्हणत होती. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, तेही तिच्याकडूनच कळलं. आणि त्याच उन्हाळ्यात तिने मला हे गाणं पाठवलं. सोबत एकच ओळ, "आमचा मुलगा हरला, पण गाणं ऐक."

हरला म्हणजे चौदावा आला. पंचवीस गाण्यांत चौदावा, एकाहत्तर गुण. त्या वर्षी जर्मनीची लेना जिंकली. पण त्याच आठवड्यात पत्रकार, समालोचक आणि संगीतकार यांच्या मतांनी दिले जाणारे मार्सेल बेझाँसों पुरस्कार जाहीर झाले होते आणि ते तिन्हीच्या तिन्ही 'मिलिम'ला मिळाले होते. जाणकारांनी डोक्यावर घेतलेलं गाणं गुणतक्त्यात मध्येच कुठेतरी अडकून पडतं, हे आपल्याला काही नवीन नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. जिंकलेलं गाणं सगळ्यांचं होतं. हे हरलेलं गाणं मला माझं करून घेता आलं.

तिने मला ओळीओळीचा अर्थ सांगितला होता, पण ढोबळ. कुणीतरी घर सोडून गेलंय. मागे राहिलेल्याजवळ आता फक्त शब्द उरलेत, खोल्यांतून नीट रचून ठेवलेली पुस्तकं उरलीत. तेवढं मला पुरलं. प्रेमाचं गाणं आहे, एका पुरुषाने म्हटलेलं. मी ते स्त्री म्हणून म्हणताना त्यातला 'तू' माझ्या डोक्यात आपसूक पुरुष होऊन बसला असावा. ते गाणं पाठ झालं त्या वर्षांत माझ्या आयुष्यातून एक माणूस निघूनही गेला होता. त्याच्याबद्दल इथे लिहायचं नाही. पण भांडी घासताना, बसस्टॉपवर, रात्री दार लावून घेताना 'हिशार्ता ली' म्हणत राहिले ते त्यालाच उद्देशून, हे आता कळतं.

हिब्रूत ही लपवालपवी चालत नाही. भूतकाळात 'तू ठेवलंस' म्हणायचं तर समोर पुरुष असला की 'हिशार्ता', बाई असली की 'हिशार्त'. मधला मार्ग नाही. कवीला पहिल्याच शब्दात ठरवावं लागतं. आपल्याकडे उलट गंमत आहे. 'तू माझ्यासाठी फक्त शब्द ठेवलेस' असं मी मराठीत म्हटलं, तर ते 'ठेवलेस' शब्दांच्या मागे जातं, तुझ्या मागे जात नाही. ठेवणारा की ठेवणारी, याचा पत्ताच लागत नाही. तो लागायला 'ठेवून गेलीस' म्हणावं लागतं, म्हणजे ठेवण्याबरोबर जाणंही तोंडातून काढावं लागतं. आणि स्वतःबद्दल बोलताना आपण 'मी गेले', 'मी गेलो' असं लगेच उघडे पडतो, तिथे हिब्रू म्हणते 'हलाख्ती', पुरुषालाही आणि बाईलाही तेच. कुठे काय झाकायचं आणि कुठे काय उघडं ठेवायचं, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवून टाकलंय. आपल्या ज्ञानदेवांच्या विराण्यांत पुरुष विरहिणी होऊन बोलतो. उर्दू गझलेत बाईलाही पुल्लिंगी हाक जाते आणि ऐकणाऱ्याला ज्याचं त्याचं माणूस त्यात बसवता येतं. हारेल स्कातने २०१० च्याच अखेरीस आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्याने गायलेले शब्द दुसऱ्याने लिहिले होते, त्यामुळे त्यातून मी काही अर्थ काढणार नाही. पण तो 'हिशार्त' म्हणताना मनात कुणाला बघत असेल, कुणाला बघायची मुभा त्या एका त्-ने त्याला दिली असेल किंवा दिली नसेल, हा विचार त्या रात्री माझ्या मनात बराच वेळ होता.

माझ्या चुकीचं कारण मात्र व्याकरणात नव्हतं, माझ्या जिभेत होतं. ते दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना लक्षात आलं. आपल्याकडे शब्द जोडाक्षराने संपला की आपण त्याला असं तोडून टाकत नाही. धर्म, अर्थ, मर्म. शेवटी एक छोटा अकार आपण सोडतोच. 'घर' म्हणताना र कोरडा पडतो, पण 'मर्म' म्हणताना म ओला राहतो. आणि 'हिशार्त'च्या पोटात तर आपला आख्खा शब्दच बसलाय, आर्त. लहानपणापासून हरिपाठ ऐकलेल्या कानाला तो तिथे ऐकू आला आणि जिभेने तो मराठीच्या पद्धतीने सोडला. हिश-आर्त. तेवढ्या अकाराने बाईचा पुरुष झाला.

हे मी तिला सांगितलं तर ती आधी खूप हसली आणि मग गप्प झाली. मग म्हणाली, "माझी आई पण असंच बोलायची. शेवटपर्यंत. दुकानातल्या बाईला बाप्या करून टाकायची." तिच्या आईची हिब्रू दिमोनाच्या बाजारात शिकलेली, मराठी जिभेवर बसलेली. लोक हसायचे. तिला, लहान असताना, आईची लाज वाटायची. "आता कुणी तसं चुकीचं बोललं ना," ती म्हणाली, "की मला मागे वळून बघावंसं वाटतं."

मधली दीड-दोन वर्षं हे गाणं मी ऐकलंच नव्हतं. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर तिच्या निरोपांतून सायरन ऐकू येऊ लागले. ती वाक्य अर्धं टाकून घरातल्या जाड भिंतींच्या खोलीत जायची आणि दहा मिनिटांनी पुढचं अर्धं वाक्य पाठवायची. इकडे माझ्या फोनवर गाझातली मुलं दिसत होती, ढिगाऱ्याखालून काढलेली, धुळीने पांढरी पडलेली. गाझा तिच्या घरापासून किती जवळ आहे हे मी नकाशात पाहिलं आणि नकाशा बंद केला. त्याबद्दल आम्ही एकदाच बोललो. ते बोलणं चांगलं झालं नाही. मी जे म्हणाले ते मी अजूनही म्हणेन, आणि तिचा मुलगा कुठे आहे या काळजीने तिचा आवाज कापत होता हेही मी विसरणार नाही. त्यानंतर कित्येक महिने आम्ही फक्त भाज्या, गुडघे आणि पाऊस यांवर बोललो. त्या भाषेतलं प्रेमगीत ऐकायला माझं मन धजत नव्हतं. मेथी निवडताना ते परत ओठांवर आलं ते न विचारता आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

परवा अलिबागला जाणं झालं. आमचं घर आता आमचं नाही, तरी बोळ पाहून येते. तिच्या घराला नवीन मालकाने खाली फरशा घातल्यात, कौलं काढून पत्रा टाकलाय, पण चौकट तीच आहे. सागाची आहे, कोण काढणार? आता तिला चॉकलेटी रंग आहे. मी उजव्या बाजूला हात लावून पाहिला. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बोटाला लागतं. एवढे थर बसले तरी तिथे किंचित खोलगट आहे, आणि वरचं भोक भरलंय, खालचं अर्धवट. आतून एक बाई आल्या, "कोण पाहिजे?" म्हणाल्या. मी म्हटलं, "कुणी नाही. इथे माझी मैत्रीण राहायची." त्यांनी पाणी विचारलं. मी प्यायले. निघताना बोटं ओठांना लागली का, ते मला आठवत नाही. लागली असतील.

बसमध्ये बसल्यावर तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला आणि मला एकदम वाटलं की यात आता पुरुष नकोच आहे. गेलीस. बोळ, ब ची भाषा, एलोहिम, चिक ढवळणारे चार हात. ठेवून गेलीस. बारा वर्षांच्या त्या मुलीला हे कधी म्हणायचं राहून गेलं होतं, आणि म्हणायला जो शब्द हवा होता तो तिच्याच नव्या भाषेत, स्त्रीलिंगी, एका त्-वर थांबलेला होता.

घरी आल्यावर फोन चहाच्या डब्याला टेकवला. या वेळी मेथी नव्हती, नुसतीच बसले. दोनदा रेकॉर्ड केलं आणि पुसलं. तिसऱ्यांदा जीभ वरच्या दातांमागे धरून ठेवली, त् वर, श्वास कोंडून, आणि मग 'ली' म्हटलं. पाठवलं. तिचं उत्तर यायला दुपार झाली. मागे समुद्राचा वारा फोनवर आपटत होता, ती बाहेर कुठेतरी होती.

"थोडासा 'अ' अजून येतोय गो," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."